कलईवाल्याची फरीदा

पहिल्याच दिवशी मी कारखान्याला चिकटलो. मन लावून काम केलं अशा अर्थानं नव्हे. पँटीसकट चिकटलो.

गोंडपिपरीकडच्या रस्त्याला, जंगलाच्या कडेला, मोहटोला नावाचं गाव आहे. गावाच्या वरच्या अंगाला एक बंद पडलेला कारखाना होता. विजेचे लाकडी खांब आणि रेल्वेचे स्लीपर तिथं यायचे आणि त्यांना डांबरासारखं काळं औषध पाजलं जायचं, म्हणजे त्यांना उधई लागू नये. उधई म्हणजे वाळवी. कारखाना बंद झाला, यंत्रं भंगारात गेली, आवारात रायमुनियाची झुडपं माजली. औषध मात्र मातीत राहिलं. दर पावसाळ्यात थोडं थोडं नाल्यानं उतरून गावच्या तलावात जायचं. शेवटी तलावातली मासेमारी बंद करण्याचा सरकारी हुकूम निघाला आणि ती जागा साफ करायचं काम नागपूरच्या आमच्या कंपनीला मिळालं. त्या कामावर मी स्थानिक व्यवस्थापक होतो. हुद्दा ऐकायला बरा वाटतो. काम म्हणजे गाडी, मजूर, पाण्याचे कॅन आणि गावकऱ्यांची समजूत.

तर तो मे महिना. दुपारी आवारात एका पळसाखाली मला एक छान सपाट, काळा, गुळगुळीत दगड दिसला. मी त्यावर बसलो, डबा उघडला. वांग्याची भाजी संपता संपता दगड मऊ लागायला लागला. मला वाटलं, जेवण अंगी लागतंय. हात धुवायला उठलो तर मी उठलो आणि पँट उठेना. दगड कसला, थिजलेलं डांबर होतं ते. उन्हानं आणि माझ्या वजनानं विरघळून त्यानं मला आपलंसं केलं होतं.

नेमक्या त्याच वेळी जीपमधून एक बारकीशी बाई उतरली. सलवारीवर पुरुषी फुल शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्याला घट्ट बांधलेली ओढणी, वय माझ्याएवढंच. प्रदूषण शोधणाऱ्या तज्ज्ञ म्हणून कंपनीनं ज्यांना पाठवलं होतं, त्या फरीदा मॅडम. मी बसल्या जागेवरून नमस्कार केला.

"उठू नका," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, काय विनयशील बाई आहे!

"अजिबात हलू नका भाऊ. तुम्ही जिथं चिकटलात ती जागा मला बघायची आहे."

त्यांनी माझ्याभोवती चार खुंट्या ठोकल्या, सुतळी बांधली, फोटो काढले. मग मला ड्रायव्हरचा दुपट्टा गुंडाळायला देऊन माझी पँट कापून काढली आणि एका पिशवीत सीलबंद केली. "नमुना," त्या म्हणाल्या. त्या जागी खणल्यावर खाली एक अख्खा हौद निघाला. औषधाचा गाळ टाकायचा तो हौद कारखान्याच्या कुठल्याही नकाशात नव्हता. मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं, "हा कामडी भाऊंचा शोध आहे." तेव्हापासून गावात त्याचं नाव 'भाऊचा हौद' पडलं. माणसाच्या नावानं शाळा असते, रस्ता असतो. माझ्या नावानं हे आहे.

त्या संध्याकाळी मी दुपट्ट्यात घरी पोचलो. आमच्या शोभाताईंनी, म्हणजे बायकोनं, दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि काही न विचारता बाहेरच्या नळाकडे बोट दाखवलं. त्या दिवशीपासून घरात नियम झाला. मोहटोल्याचं काहीही उंबऱ्याच्या आत यायचं नाही. पुढं गावातल्या लोकांनी प्रेमानं वांगी दिली, मोहफुलं दिली, एकानं तर कोंबडा दिला. सगळं मी गोंडपिपरीच्या चौकात वाटून घरी जायचो.

फरीदा मॅडमचे वडील चंद्रपुरात कलईवाले होते. पितळेच्या भांड्याला आतून कथलाचा पांढरा मुलामा देणारे, म्हणजे आंबट पदार्थ त्यात कळकणार नाहीत. मॅडम म्हणायच्या, "आमच्या घरात तीन पिढ्या लोकांच्या भांड्यांतलं विष काढण्यातच गेल्या. मी वेगळं काय करतेय? भांडं जरा मोठं आहे, इतकंच." लहानपणी अब्बांबरोबर त्या भांड्यात उभ्या राहून, वाळू घालून, कमरेतून गोल गोल फिरत पायांनी भांडी घासायच्या. त्याची एक खूण त्यांच्यात कायमची राहिली होती. कुणी ग्लास दिला, ताट दिलं, की त्या आधी आत अंगठा फिरवायच्या, उजेडाकडे तिरकं धरून पाहायच्या, मगच घ्यायच्या. सरपंचांच्या घरी चांदीच्या पेल्यात सरबत आलं, तिथंही अंगठा फिरला. सरपंचीणबाई दोन आठवडे रुसल्या होत्या.

आणि त्यांना पाण्याची भीती वाटायची. तलाव साफ करायला आलेली ही बाई तलावात घोट्याच्या वर कधी उतरली नाही. मधल्या पाण्याचे नमुने घ्यायला कंपनीच्या फुगवायच्या रबरी होडीतून मी जायचो आणि मॅडम पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभ्या राहून "डावीकडे! आणखी डावीकडे!" असं ओरडायच्या. मी गोल गोल फिरायचो, कारण मला वल्हवता येत नाही. पाळीवर बसलेल्या बायांचा तो हप्त्याचा करमणुकीचा कार्यक्रम होता.

त्या बायांमध्ये पुढं असायच्या देवकाबाई. मोहटोल्यात मासे धरून पोट भरणारी जेवढी घरं, तेवढी सगळी देवकाबाईंच्या शब्दात. मासेमारी सोसायटीच्या त्या अध्यक्षच होत्या. तलाव बंद झाल्यापासून त्यांचे मालक आणि दोन्ही लेक मिरची तोडायला तेलंगणात जात होते. घराघरातून हीच गत. जाळी खुंटीला टांगलेली आणि माणसं परमुलखात. दर सोमवारी देवकाबाई मॅडमना एकच प्रश्न विचारायच्या.

"बाई, आमचा तलाव कवा खुलते?"

"अजून नाही."

"मांगच्या सोमवारी बी हेच सांगतलं होतं जी तुमी."

"पुढच्या सोमवारीही कदाचित हेच सांगीन. खोटं सांगून आज खूश करू का?"

"नोका करू. पन सांगता सांगता जरा हासत तरी जा!"

मॅडम हसायच्या नाहीत. पण पुढच्या सोमवारी वेळेवर तिथं हजर असायच्या, हे देवकाबाईंना कळलं होतं. आजवर आलेले साहेब 'लवकरच' म्हणून गेले होते आणि परत दिसले नव्हते.

मॅडमची कामाची तऱ्हा अशी, की पहिले कित्येक दिवस त्यांनी कारखान्यात पाऊल टाकलं ते फक्त माझी पँट कापायला. बाकी सगळा वेळ गावात. ग्रामपंचायतीत सभा भरली, हार आले, माईक आला. मॅडम उभ्या राहिल्या आणि विचारलं, "तुमच्या घरात उधई कशाला लागत नाही?"

मग एक म्हातारबा अभिमानानं म्हणाले, "माह्या खाटले नाई लागत!"

"माह्या दाराच्या चौकटीले बी!"

"आमचा बकऱ्याचा कोठा पाहा बाई, जसाच्या तसा हाय!"

लोकांना वाटलं, चांगल्या घराला बक्षीस द्यायचं आहे. ज्याच्या त्याच्या दारात ओढाओढ. मॅडम प्रत्येक घरात जाऊन अशा प्रत्येक लाकडावर खडूनं फुली मारत गेल्या. कारखान्यातून वाटेल तसे बाहेर आलेले, औषध प्यालेले खांब होते ते. आमच्याकडं उधई नवं दार दोन पावसाळ्यांत भुसा करून ठेवते. तिथं न किडणारं लाकूड म्हणजे सोनंच. कुणी नाही उचलणार?

मी रस्त्यात म्हणालो, "मॅडम, प्रदूषण कारखान्यात आहे, आपण लोकांच्या खाटा का मोजतोय?"

"भाऊ, लोकांनी जे टाकून दिलं ते सगळ्यांना दिसतं. घाण शोधायची असेल तर लोकांनी जपलंय काय ते बघा."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. मला ते तेव्हा नुसतं ऐकायला छान वाटलं.

त्या म्हातारबांच्या खाटेवर मात्र मॅडम बसल्या नाहीत. जमिनीवर बसून त्यांनी त्यांना समजावलं, "बाबाजी, जे लाकूड किडाही खात नाही, त्याच्यावर तुम्ही झोपता."

म्हातारबा विचारात पडले. "मंग मी काऊन जित्ता हाव?"

"ते मलाही समजलं नाही," मॅडम गंभीरपणे म्हणाल्या. "पण नातवंडांना त्याच्यावर झोपवू नका. आणि चुलीत तर हे लाकूड कधीच घालू नका."

म्हातारबांनी खाट दिली. बदल्यात कंपनीकडून लोखंडी पलंग मिळाला. मग गावभरातून फुल्या मारलेली लाकडं निघाली. काही रडतखडत, काही भांडून. एका घरची चौकट तर सुनेनं स्वतः पहारीनं उखडली, कारण सासूला ती फार आवडायची.

त्यानंतर कारखान्याचं काम सुरू झालं. भाऊचा हौद रिकामा झाला. काळी माती खणून, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, असला कचरा घेणाऱ्या ठिकाणी ट्रकांनी गेली. नाला खरवडला. नवी माती आली, तिच्यावर गवत आलं. नागपूरहून आमचे मोठे साहेब आले, गवतावर चालले आणि म्हणाले, "वा! झालं की!"

"नाही झालं," मॅडम म्हणाल्या.

तलावाचं पाणी सुधारलं होतं, पण सगळीकडं नाही. कारखान्याचा नाला तलावाला मिळतो त्या टोकाला नमुने चांगले येत होते. आणि अगदी समोरच्या टोकाला, गावच्या घाटाशी, पाणीही वाईट आणि गाळ त्याहून वाईट. उलटंच! सरपंच म्हणाले, कोणी ट्रॅक्टर धूत असंल. साहेब म्हणाले, प्रयोगशाळेची चूक. मी म्हणालो, बहुतेक माझी चूक, कारण आजवर बहुतेक वेळा तीच निघाली आहे. मॅडमनी मला पुन्हा होडीत बसवलं. पुन्हा तेच उत्तर आलं.

साहेब वैतागले. "मॅडम, आणखी किती घासणार? भांडं पांढरं दिसतंय ना?"

"दिसण्यावर कलई करायची नसते सर. अब्बा भांडं गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी त्यात चिंचेचं पाणी घालून ठेवायचे. सकाळी ते हिरवं दिसलं, की पुन्हा घासायला. आम्ही पोरं रडायचो. ते म्हणायचे, 'इसमें किसी के घर की कढी बनेगी.'" त्यांनी काम संपल्याचा कागद साहेबांकडे परत सरकवला. "घाटावरचं पाणी हिरवं आहे सर. मी सही करणार नाही."

साहेब रागावून गाडीत बसले. मॅडमनी त्यांच्यासाठी मागवलेला चहा स्वतः पिऊन टाकला. अर्थात आधी अंगठा फिरवून.

पुढच्या उन्हाळ्यात तलाव फार खाली गेला. एका दुपारी आम्ही घाटावरच्या पिंपळाखाली डबा खात होतो. बसण्याआधी मी जमीन तपासली होती. देवकाबाई आणि आणखी दोघीतिघी शेजारी बसल्या होत्या. बोलता बोलता मॅडम थांबल्या. घाटाजवळच्या उथळ पाण्यातून एक काळं टोक वर आलं होतं. त्याच्याभोवती पाण्यावर मोराच्या पिसासारखे रंग पसरले होते.

"ते काय आहे?"

"डोंगा हाय माहा," देवकाबाई म्हणाल्या. डोंगा म्हणजे एकाच झाडाच्या खोडात कोरलेली होडी. "सासऱ्यानं कोरला होता, आंब्याच्या खोडात. सगळ्यायचेच डोंगे हायेत तिथी, खाली."

"बुडाले?"

बाया फिदीफिदी हसल्या. "बुडाले कायले? बुडवून ठेवले! उन्हात राह्यला तं डोंगा तडकते ना बाई. पान्यात दगडं भरून निजवला का मंग कितीक वर्सं काई होत नाई. तलाव खुलला का काढू आन् लागू कामाले."

मॅडमनी हातातला घास डब्यात ठेवला.

"देवकाबाई, आणि किडू नये म्हणून काय लावता?"

"डांबर! अस्सल! तुमचा हुकूम निघाला तवा बुडवाच्या आंदी सगळ्यायले मस्त पाजलं, आतून बाहेरून. लेकरावानी जपून ठेवले हायेत." त्यांनी माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले. "भाऊच्याच हौदातलं. तवा तो उघडाच होता."

कोणीतरी मोठ्यानं हसलं. मग हळूहळू ते हसू विरलं, कारण मॅडम हसत नव्हत्या आणि मीही नव्हतो. देवकाबाईंनी आमच्या तोंडांकडं पाहिलं, मग पाण्यावरच्या त्या रंगांकडं पाहिलं. त्यांना सांगावं लागलं नाही.

तलाव खुलेल या आशेनं त्यांनी डोंगे जपले होते आणि त्या जपलेल्या डोंग्यांनीच तलाव बंद ठेवला होता.

"मंग आता?" देवकाबाईंनी विचारलं.

"बाहेर काढावे लागतील. आणि पुन्हा पाण्यात घालता येणार नाहीत. कधीच."

"जाळसान?"

"जाळता येत नाहीत. मातीसारखेच गुंडाळून न्यावे लागतील."

देवकाबाई उठून उभ्या राहिल्या. "डोंगा नाई तं मले तलाव कायले पायजे? पाळीवर बसून पाहाले? तुमी आमच्या खाटा नेल्या, चौकटी नेल्या, आमी देल्या. हा माह्या सासऱ्याचा हात हाय बाई!"

मी समजूत घालायला तोंड उघडलं. तेच माझं काम. मॅडमनी हातानं मला थांबवलं. त्यांनी समजूत घातली नाही, माफी मागितली नाही, आवाजही मऊ केला नाही.

"तुमचा हुकूम असेल तर डोंगे राहतील. पण मग मी दर सोमवारी 'अजून नाही' सांगायला येईन, रिटायर होईपर्यंत. माझ्यानंतर दुसरी कोणी येईल. तुमचे लेक मिरची तोडत राहतील. डोंगे काढलेत, खालचा गाळ काढला, तर एक पावसाळा जाऊ द्या, तलाव तुमचा आहे. हे मी आज सांगतेय. आजवर तुम्हाला कधी खोटं सांगितलं?"

देवकाबाई पाण्याकडं पाहत राहिल्या. मग वळल्या.

"आन् नाई सुधरला तं?"

"तर मी तुम्हाला डोंगा कोरून देईन."

"तुमी? तुमच्या हातानं?"

"माझ्या हातानं."

देवकाबाईंनी त्यांचे ते काडीसारखे हात निरखले. "बाई, तुमचा डोंगा तरंगन का जी?"

"म्हणून तर तलाव सुधारायलाच पाहिजे," मॅडम म्हणाल्या आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या.

पहिला डोंगा देवकाबाईंचाच निघाला. तसा त्यांचा आग्रह होता. दोर लावून तो बाहेर ओढला, तेव्हा सगळा गाव पाळीवर होता. काळाभोर, जड, कुठं एक चीर नाही. माणसांनी खरंच लेकरासारखा जपला होता. देवकाबाईंनी त्याच्या टोकाला हळद-कुंकू लावलं, डोकं टेकवायला वाकल्या, तेव्हा मॅडमनी मध्ये हात घातला. "कपाळ लावू नका. नमस्कार लांबून." बाया चिडल्या, देवकाबाई नाही चिडल्या. त्यांनी लांबून हात जोडले. मग एकेक करून सगळे डोंगे आले. पुढचे काही दिवस आम्ही तिथला काळा गाळ काढला. मी दोनदा त्यात पडलो, पण ती वेगळी गोष्ट आहे.

पावसाळा आला, तलाव भरला, ओसरला. पाण्याचे नमुने गेले, गाळाचे गेले, शेवटी माशांचे गेले. मॅडमनी एका निकालावर विश्वास ठेवला नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पाठवले. मधल्या काळात देवकाबाईंचे मालक परत आले आणि अंगणात एक नवं खोड आडवं पडलं. खोड कोरायची वाकस चालायला लागली. मॅडम येता-जाता तिथं थांबायच्या आणि एकच विचारायच्या, "लावणार काय?"

"करंजीच्या बियायचं तेल, बाई. खाऊन पाहाता का?"

एका सोमवारी देवकाबाईंनी त्यांचा तो प्रश्न विचारला आणि मॅडम म्हणाल्या, "खुला."

नुसतं 'खुला'. देवकाबाईंना कळायलाच वेळ लागला. मग त्यांनी एवढी मोठी आरोळी ठोकली, की पाळीवरचे बगळे उडाले.

तलाव खुलायच्या दिवशी आमचे साहेब आले, हार आले, माईक आला. पहिली जाळी पडली, मरळ निघाली, तिथंच पाळीवर चूल पेटली. भात आणि मरळीचा रस्सा. जेवायची वेळ झाली आणि एकदम सगळे थबकले. ताटं वाढलेली, पण कोणी हात घालेना. एवढी वर्षं त्या तलावाचा मासा विषारी म्हणून ऐकलेली माणसं ती. साहेब म्हणाले, आज माझा उपास आहे. सरपंच फोनवर बोलायला लांब गेले. मी चपलेचा पट्टा नीट करायला लागलो, आणि माझ्या चपलेला पट्टा नाही.

देवकाबाईंनी पितळेचं एक ताट उचललं आणि मॅडमसमोर धरलं.

मॅडम खाली मांडी घालून बसल्या. ताट घेतलं. मी वाट पाहत होतो अंगठ्याची. अंगठा फिरला नाही. त्यांनी ताटात पाहिलंसुद्धा नाही. देवकाबाईंकडं पाहत भात कालवला आणि खायला सुरुवात केली. सावकाश, काटे काढत. गाव बघत होता. संपल्यावर ताट पुढं केलं. "आणखी. डोकं असेल तर डोकं द्या."

मग जो गलका झाला, त्यात मला शेपटीचा तुकडा कसाबसा मिळाला.

फरीदा मॅडमना मी शेवटचं पाहिलं ते त्याच दुपारी. दुसऱ्या दिवशी त्या लांबच्या दुसऱ्या कामावर निघणार होत्या. देवकाबाईंनी त्यांना हाताला धरून नव्या डोंग्याकडं नेलं. बरीच ओढाताण झाली. शेवटी मॅडम आत बसल्या. बूट मांडीवर, एका हातानं कड घट्ट धरलेली, डोळे मिटलेले, ओठ पुटपुटत असलेले. देवकाबाई उभ्यानं वल्हवत होत्या आणि मोठमोठ्यानं सांगत होत्या, "डावीकडे! आनखी डावीकडे!" पाळीवरच्या बाया हसून हसून लोळत होत्या. तलावाच्या मध्यावर डोंगा थांबला. मॅडमनी डोळे उघडले, शर्टाच्या खिशातून एक छोटी बरणी काढली, पाण्यात बुडवली, भरली, झाकण लावलं आणि उजेडाकडे तिरकी धरून पाहत राहिल्या.

घरी निघताना देवकाबाईंनी पळसाच्या पानात बांधलेली एक मरळ माझ्या पिशवीत घातली. गोंडपिपरीच्या चौकात मी सवयीनं थांबलो आणि मग पुढं निघालो. दारात पोचलो, पुडकं पुढं धरलं आणि म्हणालो, "मोहटोल्याचं आहे."

शोभानं हात पुढं केला नाही. "मॅडमनं खाल्ली?"

"खाल्ली."

"चाखली का खाल्ली?"

"ताटभर खाल्ली. वरून डोकं मागून घेतलं."

तिनं पुडकं घेतलं, वास घेतला, कढईसाठी आत वळली आणि वळता वळता थांबून म्हणाली, "मंग या आत. पन खुर्चीवर बसाच्या आंदी जरा मांगं फिरा, पँट पाहू द्या."